देव पहिला, म्हणजे मंडळीचं काम पहिलं का?

सलाम भाऊ. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फिरत्या पाळीत काम करता. पत्नी शाळेत शिकवतात. मुलगी दहावीला, मुलगा लहान. आईचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा असतं आणि तिथं बहुतेक वेळा पत्नीच त्यांना घेऊन जातात. कारण तुम्ही मंडळीचा, म्हणजे आपल्या चर्चचा, कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीचे सेक्रेटरी आहात, क्वायरमध्ये (चर्चच्या गायकवृंदात) गाता, शनिवारी तरुण संघ घेता, मंगळवारी घरोघरच्या प्रार्थनासभेला जाता आणि पहाटे पाचला फोनवरच्या साखळी प्रार्थनेतही असता. 'देव पहिला, कुटुंब दुसरं, मंडळी तिसरी, नोकरी चौथी' अशी क्रमवारी तुम्हाला लहानपणापासून शिकवली गेली. ती पाळायचा तुम्ही मनापासून प्रयत्न करता, तरी घरात कटकट वाढली आहे, प्रार्थनेत डोळे मिटतात आणि मनात सतत अपराधीपणा असतो. तुम्ही विचारता, यातलं काय कमी करू? कमी केलं तर देवाला मागे ढकलल्यासारखं होईल का? आणि दवाखान्याचा खर्च चालू असताना दशांशाचं, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा देवाला देण्याचं, काय करायचं?

मी बरीच वर्षं नाशिक आणि आजूबाजूच्या तालुक्यांत पाळकीय सेवा केली आहे. हा प्रश्न घेऊन माझ्याकडे आलेली माणसं आळशी किंवा थंड विश्वासाची नव्हती. उलट मंडळीत सगळ्यात जास्त राबणारी, रविवारी सगळ्यात आधी येऊन दार उघडणारी अशीच होती. तेव्हा पहिली गोष्ट, तुमचा अपराधीपणा म्हणजे तुमचा विश्वास कमी पडल्याची खूण आहे असं मला अजिबात वाटत नाही.

मला वाटतं, तुमची खरी अडचण वेळेची नाहीच. तुमच्या क्रमवारीत 'देव' या शब्दाच्या जागी नकळत 'मंडळीचं काम' येऊन बसलं आहे. कमिटी, क्वायर, तरुण संघ, साखळी प्रार्थना हे सगळं तुम्ही पहिल्या क्रमांकाखाली धरता. आई, पत्नी आणि मुलं दुसऱ्याखाली. साहजिकच मंगळवारी प्रार्थनासभा आणि डायलिसिस एकाच वेळी आलं की तुमच्या हिशेबात देव विरुद्ध आई असा सामना लागतो, आणि देवभीरू माणूस तिथं आईला हरवतो. पण तो सामनाच खोटा आहे. त्या दिवशी एका बाजूला एक सभा असते, जी तुमच्याशिवायही भरेल. दुसऱ्या बाजूला एक आजारी म्हातारी असते, जिला खुर्चीत साधारण चार तास सुईला बांधून बसायचं आहे. देव या दोन्हींपैकी एकाच बाजूला उभा आहे असं कोणी ठरवलं?

याच विषयावर प्रभू येशूचं एक अतिशय कडक बोलणं बायबलमध्ये मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात आहे. त्या काळी एक सोय होती. आईबापांना ज्या पैशाचा उपयोग झाला असता तो 'देवाला वाहिला आहे' असं जाहीर केलं की मुलगा त्यांना द्यायला बांधील राहत नसे. बाहेरून पाहता केवढी भक्ती! येशूने मात्र परूश्यांना, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहूद्यांना, सरळ सांगितलं की तुम्ही तुमच्या परंपरेने देवाची आज्ञा रद्द करता. 'आपल्या बापाचा व आपल्या आईचा मान राख' हीसुद्धा देवाचीच आज्ञा होती, आणि ती त्यांनी देवाच्याच नावाने मोडली होती. मी हा उतारा जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा मला मंडळीत राबणारी माणसं आठवतात. पैशाच्या जागी वेळ ठेवून वाचा. 'माझी मंगळवारची संध्याकाळ देवाला वाहिली आहे' असं आईला सांगणं कितपत वेगळं आहे?

प्रेषित पौलही आपला तरुण सहकारी तीमथ्य याला विधवांबद्दल लिहिताना म्हणतो की मुलानातवंडांनी सुभक्ती आधी आपल्या घरात आचरायला शिकावं आणि वडीलधाऱ्यांचे उपकार फेडावेत. क्रमवारी मानणाऱ्यांनी हे नीट वाचावं. पौल घरच्या सेवेला सुभक्तीच म्हणतो. तिथून भक्ती सुरू होते. आणि वधस्तंभावर, जगाच्या तारणाचं काम चालू असताना, येशूने आपल्या आईला एका शिष्याच्या हवाली केलं. त्याहून मोठं 'देवाचं काम' कुठलं असणार होतं? तरी त्यात आई सुटली नाही.

म्हणून मी लोकांना क्रमांक लावायला सांगत नाही. देव यादीत पहिला नसतो. यादीतली प्रत्येक ओळ त्याच्यापुढे ठेवायची असते. सर्वात मोठी आज्ञा कोणती असं विचारल्यावर येशूने एकाचं उत्तर दोन आज्ञांनी दिलं. देवावर संपूर्ण मनाने प्रीती आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी. पहिली आज्ञा पाळायला दिवसाचा एक वेगळा तुकडा आणि दुसरीला वेगळा, असं ते होत नाही.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. आईची तब्येत पुढे कशी राहते, तुमचा भाऊ पुण्याहून किती येऊ शकतो, तुमची पाळी कोणत्या आठवड्यात कोणती, मंडळी किती मोठी, सेक्रेटरीचं काम उचलू शकेल असा दुसरा कोणी आहे का, यावर उत्तर बदलेल. लहान खेड्यातल्या मंडळीत सातआठ कुटुंबं असतात, तिथं एक माणूस बाजूला झाला तर उपासनाच बंद पडू शकते. तुमची मंडळी शहरातली आहे. हा फरक लहान नाही. शिवाय आज जे कमी कराल ते कायमचं सोडलं असंही नाही. मुलगी दहावीला आहे आणि आईचं आजारपण चालू आहे, तो काळ वेगळा. दोन वर्षांनी कदाचित तुम्हीच पुन्हा तरुण संघ घ्याल.

तरी सुरुवात कुठून करायची? मी समोरच्या माणसाला एकच गोष्ट विचारत जातो, प्रत्येक कामाबद्दल: हे तुमच्याशिवाय कोण करू शकतं? तुमच्या आईचा मुलगा दुसरा कोणी होऊ शकत नाही. भाऊ आहे, पण तो पुण्यात आहे. तुमच्या पत्नीचा नवरा आणि मुलांचा बाप तुम्हीच. तुमचा स्वतःचा प्रार्थनेतला संबंध तुमच्या वतीने कोणी ठेवू शकत नाही, पाळकसुद्धा नाही. कमिटीची मिनिट्स मात्र दुसरा कोणी लिहू शकतो. क्वायरमध्ये एक आवाज कमी झाला तर गाणं थांबत नाही. तरुण संघ घ्यायला मंडळीत बी.एड. झालेली, पंचवीस-तीस वयाची माणसं असतात. त्यांना कोणी विचारलेलं नसतं एवढंच. ही परीक्षा लावली की बहुतेकांची यादी आपोआप दोन भागांत पडते, आणि त्यांच्या लक्षात येतं की ज्या कामांना पर्याय नव्हता तीच त्यांनी दुसऱ्यांवर टाकली होती.

प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय पुन्हा काढा. यरुशलेमच्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटपात उपेक्षा होऊ लागली. प्रेषितांनी ते काम स्वतःच्या अंगावर घेतलं नाही. पण ते काम हलकं आहे, कुणालाही द्या, असंही म्हणाले नाहीत. पवित्र आत्म्याने आणि ज्ञानाने पूर्ण असे सात पुरुष निवडा म्हणाले, आणि निवडलेल्यांत स्तेफन होता, जो पुढे मंडळीचा पहिला रक्तसाक्षी झाला. तुम्ही सेक्रेटरीपद सोडलं तर ते देवाच्या हातून निसटेल अशी भीती तुम्हाला वाटते. कदाचित तुमच्याच मंडळीत एखादा स्तेफन जागा रिकामी व्हायची वाट बघत बसला असेल.

इथं नाशिकच्या माणसाला एक गोष्ट सांगायला सोपी जाते. निफाड-दिंडोरीकडच्या बागा तुम्ही पाहिल्या असतील. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर वेलीला घड लागले की शेतकरी विरळणी करतो. रोगट घड तर जातातच, पण चांगले, निरोगी घडही तो काढून टाकतो, कारण वेलीला जेवढे पोसता येतील तेवढेच ठेवायचे असतात. सगळे ठेवले तर मणी फुगत नाहीत, गोडी भरत नाही आणि वेल पुढच्या हंगामालाही थकलेली राहते. योहानाच्या पंधराव्या अध्यायात पिता द्राक्षमळेकरी आहे, आणि तो फळ देणाऱ्या फाट्यालाच हात लावतो, त्याने अधिक फळ द्यावं म्हणून. तुमच्यापुढे पाप आणि पुण्य यांतली निवड नाही. असती तर ती तुम्ही केव्हाच केली असती. चांगल्या कामांतली काही चांगली कामं काढायची आहेत. ते दुखतं, आणि दुखलं म्हणजे चुकलं असं होत नाही.

पण सावध राहा, काही गोष्टी काढायच्या नाहीत. रविवारची उपासना काढू नका. घरच्यांसाठी वेळ हवा म्हणून सुरुवात झाली आणि काही महिन्यांनी सगळं कुटुंबच मंडळीबाहेर गेलं, असं मी पाहिलं आहे. रविवारच्या उपासनेत तुम्ही सध्या बसता कुठे, हे मात्र तपासा. सेक्रेटरी म्हणजे माइक लागला का पाहणं, वर्गणीच्या पिशव्या, पाहुण्यांची सोय, नोटिसा. शरीराने चर्चमध्ये, पण संदेश ऐकला नाही आणि प्रभुभोजनाच्या वेळीही लक्ष घड्याळावर. येशू मार्था आणि मरीया या बहिणींच्या घरी आला तेव्हा हेच झालं होतं. मार्थेचं जेवण वाईट नव्हतं, ती ज्याच्यासाठी राबत होती त्याच्याजवळ बसायचं राहून गेलं होतं. पुढचे काही रविवार पत्नी-मुलांच्या रांगेत, त्यांच्याबरोबर बसा. वेदीपाशी त्यांच्याबरोबर जा. तुमच्या मुलाने बापाला उपासनेत शेजारी बसलेलं किती वेळा पाहिलं आहे, याचा विचार करा.

व्यक्तिगत प्रार्थनाही काढू नका, पण तिचा आकार पाळीप्रमाणे बदला. पहाटे पाचची साखळी तुम्ही रात्रपाळीच्या आठवड्यातही मशीनशेजारून जोडता असं लिहिलं आहे. ते थांबवा. मशीनवर असताना लक्ष मशीनवर पाहिजे, नाहीतर एखाद्याची बोटं जातील, आणि पगार त्याच वेळेचा मिळतो. पहिल्या पाळीत निघण्याआधी दहा-पंधरा मिनिटं, दुसऱ्या पाळीत सकाळी मुलं शाळेत गेल्यावर, रात्रपाळीत झोपून उठल्यावर. एक स्तोत्र, शुभवर्तमानाचा एक छोटा भाग, आणि ज्यांच्याशी त्या दिवशी गाठ पडणार त्यांची नावं. डायलिसिसच्या दिवशी आईच्या शेजारी बसून तेच स्तोत्र मोठ्याने वाचा. त्या पिढीला स्तोत्रं पाठ असतात, त्या तुमच्या आधी पुढची ओळ म्हणतील.

कफर्णहूममध्ये संध्याकाळभर आजाऱ्यांची गर्दी झाली होती. येशू पहाटे उठून एकांतात गेला आणि प्रार्थना केली. त्याचा शिष्य शिमोन शोधत आला आणि म्हणाला, सगळे लोक तुम्हाला शोधत आहेत. येशूने उत्तर दिलं की आपण आसपासच्या दुसऱ्या गावांत जाऊ. आपण या प्रसंगातून 'पहाटे प्रार्थना करा' एवढंच शिकवतो. मला त्यातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. प्रार्थनेतून उठून येशूने गर्दीला नकार दिला. खरी गरज असलेल्या, खरंच आजारी असलेल्या माणसांना. कोणाला हो म्हणायचं आणि कोणाला नाही, हे प्रार्थनेत ठरलं होतं. तुमची प्रार्थना तुम्हाला फक्त आणखी कामं देत असेल आणि एकही काम काढून घेत नसेल, तर तिथं तुम्ही एकटेच बोलत असाल, असं मला प्रेमाने सांगावंसं वाटतं.

झोपेबद्दल थोडं. एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली पडला तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला दिलं. फिरत्या पाळीचा माणूस अपुऱ्या झोपेवर स्वतःच्या आध्यात्मिक अवस्थेचा निवाडा करायला बसला तर तो निवाडा चुकतोच. 'प्रार्थनेत डोळे मिटतात' हे तुमच्या बाबतीत निव्वळ थकणं असू शकतं.

नोकरी चौथ्या क्रमांकावर ठेवण्याबद्दलही मला हरकत आहे. शरणपूर रोडवरून आपण रोज जातो. एकोणिसाव्या शतकात तिथं चर्च मिशनरी सोसायटीने ख्रिस्ती वसाहत उभी केली, आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना तिथं शास्त्राबरोबर सुतारकाम आणि लोहारकामही शिकवलं जायचं. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट, आफ्रिकेत फिरलेला मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन याचा मृतदेह आफ्रिकेतून इंग्लंडपर्यंत घेऊन गेला आणि १८७४ साली वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनविधीला उभा राहिला. हातातलं काम आणि हातातली सेवा यांत त्या लोकांनी भिंत घातली नव्हती. पौलाने 'जे काही करता ते माणसांसाठी म्हणून नव्हे, तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा' हे लिहिलं ते गुलामांना, त्यांच्या रोजच्या राबण्याबद्दल. तुमच्या हातून पास होणारा प्रत्येक जॉब, म्हणजे मशीनवर तयार होणारा भाग, त्यात आला.

पत्नीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तुमच्या पत्रात त्या फक्त तक्रार करणारी व्यक्ती म्हणून येतात. आपल्या मराठी ख्रिस्ती समाजात नारायण वामन टिळकांचं नाव मोठं आहे, आणि ते असायलाच हवं. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई, आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या, त्यांनी लिहून ठेवलेल्या आठवणी वाचल्या की कळतं, सत्याच्या शोधात निघालेल्या आणि हातातलं सगळं दुसऱ्याला देऊन टाकणाऱ्या माणसाच्या घरात रोजची चूल कोणी पेटती ठेवली. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या आणि पुढे स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. टिळकांची भक्ती खरी होती. तिची किंमत मात्र घरातल्या दुसऱ्या माणसाने मोजली, तिला न विचारता. तुमच्या घरातही सध्या तेच चाललं आहे. मंगळवारची तुमची प्रार्थनासभा तुमच्या पत्नीची अर्धी रजा खाऊन होते. येशू म्हणतो, वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव आणि आधी समेट कर. हे बायकोलाही लागू आहे. सगळं ठरवून त्यांना कळवू नका. पूर्ण आठवड्याचा कागद दोघांनी मिळून भरा, आणि काय काढायचं हे पहिल्यांदा त्यांना सांगू द्या.

आता दशांश. मंडळीला पैशाची गरज असते हे मला पाळक म्हणून चांगलं माहीत आहे, तरी सांगतो: आईचं औषध थांबवून दशांश देऊ नका. मार्काचा सातवा अध्याय इथं अक्षरशः लागू आहे. येशूने पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशांश मोजून देणाऱ्यांना न्याय, दया आणि विश्वास सोडल्याबद्दल झापलं. पण त्याच श्वासात 'त्याही गोष्टी सोडायच्या नव्हत्या' असंही म्हटलं, म्हणून देणं शून्यावर आणू नका. ठरवून थोडं द्या, दर महिन्याला द्या. पौल करिंथकरांना लिहितो की उत्सुकता असेल तर जवळ जे आहे त्याप्रमाणे ते मान्य होतं, जवळ नाही त्याप्रमाणे नाही. कर्ज काढून किंवा पत्नीपासून लपवून दिलेलं दान मी तरी आनंदाने घेणार नाही. आणि खर्चासाठी आधी एक व्यावहारिक गोष्ट करा. डायलिसिस महात्मा फुले जन आरोग्य योजनेत येतं. तुमचं रुग्णालय योजनेशी संलग्न आहे का, कोणती कागदपत्रं लागतात, हे तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेची माहिती देणाऱ्या माणसाला, विचारा. ते माहीत नसल्यामुळे खिशातून पैसे भरत राहिलेली कुटुंबं आपल्या मंडळ्यांत आहेत.

थोडक्यात, तुमच्या जागी मी आत्ता असं करेन: उपासना आणि स्वतःची प्रार्थना ठेवेन, आईच्या दोन दिवसांपैकी एक दिवस, पाळी जुळेल तसा, स्वतःकडे घेईन, मंगळवारची सभा आणि पहाटेची साखळी थांबवेन, सेक्रेटरीपद सोडण्याबद्दल पाळकांशी बोलेन. क्वायर की तरुण संघ, यांतलं एकच ठेवायचं असेल तर कोणतं, ते तुमच्या मुलीला विचारा. ती तरुण संघात येत असेल तर उत्तर वेगळं येईल.

पाळकांना भेटाल तेव्हा एकटे जाऊ नका, पत्नीला बरोबर घेऊन जा. 'वेळ मिळत नाही' अशी मोघम सबब सांगू नका. आईचं डायलिसिस कोणत्या वारी असतं, तुमची पाळी कशी फिरते, हे सगळं उघड सांगा, आणि वार्षिक सभेपर्यंत थांबायची तयारी दाखवा, म्हणजे नव्या माणसाला रजिस्टरं आणि पत्रव्यवहार शिकवता येईल. त्याच भेटीत आणखी एक मागणी करा: डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी आईबरोबर जायला महिला मंडळातून किंवा मंगळवारच्या प्रार्थनासभेतूनच कोणी येईल का. इतकी वर्षं तुम्ही त्यांच्या घरी प्रार्थनेला गेलात. आता तुमच्या घरी गरज आहे, हे त्यांना सांगितल्याशिवाय कळणार नाही.